खुर्चीच्या पायाचा मासा

मित्रांनो, स्वतःला मासा म्हणवून घ्यायला मला अजूनही संकोच वाटतो. मी लाकडाचा आहे. मला पोहता येत नाही. कोणी दोरीने ओढले तर डोलता मात्र छान येते. माझ्या पोटाखाली आणि शेपटीला गळ आहेत, हनुवटीला पत्र्याची चकती आहे आणि माझा डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित वर बसलेला आहे. पाठीवरचा निळा रंग आता जागोजागी उडाला आहे. अंगभर दातांच्या खुणा आहेत. एरवी मी मिरवणाऱ्यांतला नाही. पण या खुणांची हकिकत सांगायची म्हणजे थोडे मिरवणे होणारच. तेवढे सांभाळून घ्या.

माझा जन्म एका भांडणातून झाला.

बंदराजवळच्या एका गल्लीत खुर्च्या करणारे एक कारागीर राहत. खाली कारखाना, वर घर. कारखान्यात लाकडाचा भुसा, सरसाचा वास आणि छताला उलट्या टांगलेल्या खुर्च्या. घरात सगळे त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही बाबाच म्हणतो. एकदा छताला खुर्ची टांगायला बाबा दुसऱ्या एका खुर्चीवर चढले आणि तिचा पाय कडकन मोडला. ती नेमकी त्यांच्या बायकोची, म्हणजे आईची निघाली. खिडकीजवळची, तिची विणकामाची खुर्ची.

"अहो, अख्खा कारखाना खुर्च्यांनी भरलाय," आई जिन्यावरूनच म्हणाली, "आणि चढायला तुम्हाला माझीच सापडली?"

"जवळ होती गं."

"जवळ तर मीही होते. माझ्या खांद्यावर चढायचं होतं!"

बाबांनी मुकाट्याने नवा पाय करून बसवला. मोडलेला पाय मात्र त्यांना टाकवेना. जुने, मुरलेले, कुठेही गाठ नसलेले लाकूड होते ते. त्यांनी त्याचा वीतभर तुकडा हळूच एप्रनच्या खिशात ठेवला. तो तुकडा म्हणजे मी.

बाबांची सून बोट चालवत असे. समोरच्या बेटावरच्या दीपगृहाला सामान आणि माणसे पोचवायची हे तिचे काम. सुट्टीच्या दिवशी ती त्याच बोटीतून मासे धरायला जाई. बाबांचा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, याला मात्र बोट लागे. बोट काय, बादलीतले पाणी हलले तरी त्याचा चेहरा उतरे. तो धक्क्यावर टॉवेल आणि चहाचा थर्मास घेऊन उभा राही. सुनेच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या आमिष लावून मासे धरत. गळाला कोलंबी किंवा माशाचा तुकडा लावायचा, दोरी सोडायची आणि दगडासारखे गप्प बसायचे. एवढ्यातेवढ्याने मासा बिचकतो, म्हणून तिच्या वडिलांनी तिला लहानपणीच शिकवले होते की मासा दिसला रे दिसला की हात थांबवायचा आणि श्वाससुद्धा जपून घ्यायचा.

एका दुपारी ती कारखान्यात आली.

"बाबा, खडकांच्या पलीकडे मोठे मासे आहेत. पण ते आमिषाकडे ढुंकून बघत नाहीत. त्यांना पळणारं काहीतरी लागतं. पळणारा मासा करून द्याल?"

"मी खुर्च्या करतो गं. माझ्या हातची वस्तू पळाली तर गिऱ्हाईक परत आणून देतं."

पण रात्री जेवताना बाबांचा हात एप्रनच्या खिशात होता, हे मला माहीत आहे.

त्यांनी मला कानशीने घासले, पॉलिश पेपरने गुळगुळीत केले, पोटात भोक पाडून शिसे भरले. कपड्याच्या टबात पहिल्यांदा सोडले तेव्हा मी जेवणानंतर आडवे व्हावे तसा पोट वर करून पडलो. शिसे वाढवले, तर तळाशी जाऊन बसलो. मला फार लाज वाटली. बाबांना वाटली नाही. ते पुन्हा पुन्हा माझे पोट उघडत आणि बंद करत राहिले. शेवटी एकदा त्यांनी दोरी ओढली आणि मी डोलत डोलत टबाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेलो. बाबा भुशातच टाळ्या वाजवत उभे राहिले.

डोळे म्हणून त्यांनी गादीला मारायचे पितळी टोपीचे खिळे बसवले. तेव्हाच त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांपुढे धूसर पडदा धरू लागला होता. डावा खिळा वर गेला, हे त्यांना दिसले नाही. अंगठा फिरवल्यावर कळले. ते पक्कड शोधू लागले.

"राहू द्या," आई म्हणाली. "तसाच गोड दिसतोय. तुम्ही चष्मा शोधताना दिसता तसा."

अशा रीतीने मी समुद्रावर गेलो.

पहिल्या दिवसांत थोडे यश आले, खोटे कशाला सांगू? लांबवर, जिथून बोट खेळण्याएवढी दिसते तिथे, दोन-चार लहान, उतावळ्या माशांनी मला दातांची खूणही न उमटवता तोंडात धरले. सून ओरडे, "लागला, बाबा, लागला!" बाबा मान उंच करून पाहत. पण त्यांना तिकडे नुसता चकचकाट दिसे. मासा बोटीपाशी येईपर्यंत दमून गेलेला असे.

"हे ठीक आहे गं," ते एकदा म्हणाले. "पण मला तो झडप घालताना बघायचाय. लाकडाला तो खरं कसं मानतो, तो एक क्षण. बाकी मासे काय, बाजारातही दिसतात."

मित्रांनो, माझ्या साऱ्या आयुष्याचे काम या एका वाक्यात ठरून गेले. बाबांना आता फक्त हातभर अंतरावरचे नीट दिसत होते. म्हणजे झडप व्हायला हवी होती ती बोटीच्या अगदी कडेला, त्यांच्या नाकासमोर. आणि नेमके तिथेच माझे घोडे अडत होते.

खडकांपलीकडे एक मोठा मासा राहत होता. रुंद कपाळ, रुपेरी अंग, काळसर पाठ, आणि कात्रीसारखी दुभंगलेली शेपटी. सुनेने मला लांब फेकले आणि काठीवरची, दोरी गुंडाळायची चरखी फिरवायला घेतली की थोड्याच वेळात मला मागून पाण्याचा दाब जाणवे. तो आलेला असे. मी डोललो की तोही कलता होई. मी खाली गेलो की तोही खाली. इतका जवळ, की त्याच्या तोंडापुढचे पाणी मला शेपटीवर ढकलत असे. सबंध वाटभर तो माझ्यामागे येई आणि बोटीपासून दोन-तीन हात अंतरावर आला की थबके, मला पाही आणि सावकाश वळून खोल निघून जाई.

असे एकदा नाही, प्रत्येक खेपेला.

सुनेने त्या माशाला एक नाव ठेवले होते. ते फक्त तिला आणि बाबांना ठाऊक होते. एका सुट्टीला आईसुद्धा विणकाम घेऊन बोटीवर आली. ऊन सुरेख होते, पाणी काचेसारखे. मासा मागे लागलेला दिसताच सून भान विसरून ओरडली, "आल्या! सासूबाई आल्या!"

"मी केव्हाची इथेच बसलेय," आई म्हणाली.

बाबा बोटीच्या तळाकडे पाहू लागले.

"तसं नाही, आई... माशाला म्हणते मी."

"माशाला? का बरं?"

"म्हणजे... रुबाबदार आहे ना, म्हणून."

"अस्सं. आणि येऊन काय करतो तुझा मासा?"

सुनेने ओठ चावला. पण खोटे बोलायचा तिचा स्वभाव नव्हता. "येतो. वरपासून खालपर्यंत बघतो. आणि काही न बोलता निघून जातो."

आईने दोन टाके घातले, मग म्हणाली, "मग असू दे तेच नाव. बरोबर आहे." आणि तिघेही इतके हसले की बोट डुलू लागली. सासूबाई अर्थातच केव्हाच निघून गेल्या होत्या.

हसणे संपले की मात्र मी एकटाच विचार करत राही. दोष माझाच असणार, असे मला वाटे. जो तो काही ना काही कारण सांगे. मुलगा धक्क्यावरून म्हणे, रंग फार निळा झाला. सून म्हणे, डोळ्यामुळे असेल. आई म्हणे, याला अजून खुर्चीच्या पॉलिशचा वास येतो, कोण तोंडात धरील? मला सगळ्यांचेच पटे. शिकाऱ्याच्या नजरेला नजर देण्याचा तो क्षण मला आठवे. लांबवर त्याच्या डोळ्यात भूक असे, आणि बोटीपाशी येताच त्या भुकेच्या जागी नुसती चौकशी उरे. मला वाटे, इथे येऊन त्याला माझे लाकूडपण कळते.

खरे कारण वेगळे होते. ते आम्हा कोणाच्याच लक्षात आले नव्हते. मासा दिसताच सुनेचा हात थांबे. माहेरची सवय. तिला कळतही नसे. बाबाही श्वास रोखून धरत. चरखी थांबली की मी डोलणे थांबवी, नाक वर करून लोंबकळत राही आणि मग गोठ्याच्या खुंटीला टांगलेल्या वस्तूसारखा दिसे. जीव वाचवून पळणारा कोणता मासा असा उभा राहील? पण हे आता कळते. तेव्हा मी माझ्या डाव्या डोळ्याला दोष देत बसलो होतो.

हळूहळू मला नेणे कमी झाले. पुढे सामानाच्या फेऱ्या वाढल्या आणि सुट्ट्या आटल्या. मी पत्र्याच्या एका डब्यात पडलो. शेवटच्या दिवशी मला गोड्या पाण्याने धुवायचे राहून गेले होते. मीठ हे फार चिवट असते, मित्रांनो. ते गळांवर चढले, गळ गंजले, गंज माझ्या पोटात उतरला, रंगाला फोड आले. डब्यात माझ्या सोबतीला जुने स्क्रू, एक बिनकिल्लीचे कुलूप आणि सरसाची वाळलेली कुपी होती. कोणी कोणाशी बोलत नसे.

मग एके दिवशी डब्याचे झाकण उघडले. बाबांचा हात आत आला आणि चाचपत चाचपत माझ्यावर येऊन थांबला.

"सापडला," ते म्हणाले. त्यांचा आवाज जरा वेगळा होता.

ते आणि आई नुकतेच डॉक्टरांकडून आले होते. कोट अजून अंगात होते. थोड्या वेळाने सून खाली आली आणि तिने विचारले तेव्हा उलगडा झाला.

"काय म्हणाल्या डॉक्टर?"

"म्हणाल्या, जवळचं दिसतंय तेही फार काळ टिकेल असं सांगता येत नाही," बाबा म्हणाले. ते माझ्यावरचा गंज अंगठ्याने पाहत होते. "म्हणजे जे बघायचं ते आता बघून घ्यायचं. मी आईला विचारलं, तुला बघून घेऊ का? ती म्हणाली, मला बघून झालंय तुमचं. तेव्हा म्हटलं, मासा."

आईने पदराने डोळे पुसले आणि लगेच दटावले, "आता मस्करी पुरे. गंज काढा त्याचा."

बाबांनी माझे गळ सोडवून तेलात बुडवले. मला घासले, पुसले, उडालेल्या ठिकाणी रंग लावला. तो किंचित वेगळ्या निळ्याचा होता. त्यांना कळले नाही, कोणी सांगितलेही नाही. रंग वाळल्यावर, मी अजून डोलतो का हे पाहायला आईने मला दोरी बांधली आणि कारखान्याच्या फरशीवरून ओढले.

आता इथे मुकादमाची ओळख करून द्यायला हवी. मुकादम म्हणजे कारखान्यातला बोका. स्वतः काडीचे काम करत नसे, पण दुसऱ्याच्या कामावर नजर ठेवून असे, म्हणून त्याला ते नाव. मी फरशीवरून घसटत निघालो आणि मुकादम पोट जमिनीला टेकवून माझ्यामागे निघाला. आई थांबली. मुकादमही थांबला, मला बघितले, आणि खाली बसून पंजा चाटू लागला.

ते बघणे माझ्या ओळखीचे होते. अगदी सासूबाईंचे बघणे!

आईने पुन्हा दोरी ओढली. मुकादम पुन्हा मागे. ती थांबली, तो पंजा चाटू लागला. तिसऱ्या वेळी ती थांबली नाही. खिडकीकडे चालत गेली आणि दोरी तिच्या विणकामाच्या खुर्चीच्या पायाला वळसा घालून गेली. मी त्या पायामागे नाहीसा होऊ लागलो आणि त्याच क्षणी मुकादमाने अशी उडी मारली की खुर्ची हलली, लोकरीचा गुंडा खाली पडला आणि त्याचे चारही सुळे माझ्या पाठीत रुतले. माझ्या अंगावरची पहिली खूण समुद्रातल्या शिकाऱ्याची नाही, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. ती एका आळशी बोक्याची आहे.

आई दोरी हातात धरून तशीच उभी राहिली. मग हाक मारली, "सूनबाई! इकडे ये."

सून आली. आईने पुन्हा सगळे करून दाखवले.

"बघितलंस? मी थांबले की हा बसतो. कोपऱ्याआड जायला लागले की झडप."

"आई, बोका आणि मासा एकच का?"

"तुझा नवराच घे ना. ताट पुढे असलं की तास तास मोबाइल बघत बसतो. ताट उचलायला हात लावला की, थांब थांब, जेवतोय ना!"

"आई, मी इथेच आहे," जिन्यावरून मुलगा म्हणाला.

"म्हणूनच मोठ्याने बोलले."

सून हसली, पण लगेच गंभीर झाली. तिने स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिले. "मासा दिसला की मी चरखी थांबवते," ती हळू म्हणाली. "आणि हा बोटीपाशी आला की वर उचलून घेते, पुन्हा लांब फेकायला. माझ्या बाबांनी शिकवलं होतं, थांबायचं. इतकी वर्षं मी याच्या डोळ्याला नावं ठेवत होते."

"तुझ्या बाबांचं बरोबर होतं," बाबा म्हणाले. "त्यांचं आमिष मेलेलं होतं. माझा मासा पळतोय."

मित्रांनो, हे वाक्य ऐकले आणि डब्यातली सगळी वर्षे माझ्या अंगावरून गळून पडली.

पुढच्या सुट्टीला आम्ही निघालो. सकाळ स्वच्छ होती. धक्क्यावर मुलगा टॉवेल, थर्मास आणि काळजी घेऊन उभा राहिला. खडकांपलीकडे जाऊन सुनेने इंजिन बंद केले. बाबांना तिने मागच्या कोपऱ्याजवळ बसवले, जिथून पाणी त्यांच्या तोंडापासून हातभरच होते. आईने त्यांचा पट्टा मागून दोन्ही हातांनी धरला.

"पडलो तर पडलो. पाण्यात आणखी जवळून दिसेल," बाबा म्हणाले.

"पट्टा माझ्या हातात आहे. गप्प बसा."

पहिल्या काही फेकींत काही आले नाही. बाबा कडेवर वाकून पाण्याकडे पाहत होते. मी जाताना आणि येताना त्यांचा चेहरा मला खालून दिसे, थरथरणारा, मोठा, कपाळावर आठ्या असलेला. मला वाटले, आजही मी नापास होणार. मला नेहमी तसेच वाटते.

आणि मग माझ्या शेपटीवर तो दाब आला.

सासूबाई! आणखी मोठ्या झालेल्या, कपाळ आणखी रुंद. मी डोललो, त्या कलल्या. मी सुसाट निघालो, त्या मागे. सून चरखी फिरवत होती, आणखी जोरात फिरवत होती, वाह! बोट जवळ आली. बोटीची सावली पाण्यावर दिसू लागली. "आल्या," सून कुजबुजली, आणि...

आणि तिचा हात थांबला.

सवय ती सवय. अर्धा श्वासभरच, पण थांबला. मी नाक वर करून लोंबकळलो. सासूबाईंच्या डोळ्यातली भूक विझली. त्या मला पाहू लागल्या. मग अंगाची एक बाजू चमकली आणि त्या वळल्या. बाबांना यातले काहीच दिसले नव्हते; मासा अजून त्यांच्या हातभराच्या पलीकडेच होता. सुनेने काठी वर उचलायला घेतली. तिच्या तोंडून रडू फुटल्यासारखा आवाज आला.

"उचलू नकोस!" आई ओरडली. पट्टा न सोडता ती जवळजवळ उभीच राहिली. "अगं, उचलू नकोस! वळव! खुर्चीचा पाय! खुर्चीचा पाय!"

सुनेने काठीचे टोक पाण्यात खुपसले आणि मला आडवे ओढले. बोटीच्या कडेकडेने, मागच्या कोपऱ्याला मोठा वळसा घालून. दोरी आता इतकी आखूड होती की तिच्या हाताची प्रत्येक हालचाल मला जाणवत होती. मी वळलो. आयुष्यात प्रथमच मी बोटीपाशी येऊन थांबलो नाही, वळलो! माझी सगळी बाजू, ती वेगळ्या निळ्याची सुद्धा, उन्हात झळकली. समोर बोटीखालचा अंधार होता आणि मी त्यात नाहीसा होण्याच्या बेतात होतो. खरा मासा पळून गेला असता तो असाच.

खोल जाणाऱ्या सासूबाईंनी हे पाहिले. त्या निघून गेल्या होत्या, मित्रांनो, पाठ फिरवून निघाल्या होत्या आणि परत आल्या! सुटलेल्या तिरासारख्या खालून वर आल्या. सून कोपऱ्यावर पोचली, तिने मला दुसरा वळसा दिला, आणि मी बाबांच्या चेहऱ्याखाली आलो. वर पितळी खिळ्यांएवढे चमकणारे बाबांचे डोळे, खाली उघडलेला जबडा, आणि मध्ये मी.

धडाम!

पाण्याचा लोट उठला आणि सरळ बाबांच्या तोंडावर आदळला. त्यांचा चष्मा उडाला तो बोटीच्या तळाशी. माझे लाकूड करकरले. सुनेने चरखीचा ब्रेक आधीच ढिला ठेवला होता, म्हणून आखूड दोरी तुटली नाही. चरखी किंचाळली, काठी कमानीसारखी वाकली, आणि त्या सगळ्या गोंधळावर एकच आवाज ऐकू येत होता. बाबांचा.

"दिसला! दिसला! अगं, मला दिसला! त्यानं तोंड उघडलं, असं! पाणी आत ओढलं आणि माझा मासा आत गेला! एकदाही शंका घेतली नाही त्यानं!"

"चष्मा कुठाय तुमचा?" आई ओरडली.

"खड्ड्यात गेला चष्मा!"

बराच वेळ ओढाताण चालली. सासूबाई खडकांकडे धावत, सून त्यांना हळूहळू वळवून आणी. घाम तिच्या डोळ्यांत जात होता आणि ती हसत होती. शेवटी तो मोठा, रुपेरी मासा बोटीच्या कडेला आडवा झाला. आईने ओला टॉवेल पाण्यावर धरला, सुनेने त्यात मासा पेलला, आणि बाबांनी वाकून त्याच्या जबड्यावर अगदी हलकेच बोट फिरवले.

मला वाटले, आता ते काहीतरी मोठे बोलतील.

"सांधा बघ," ते म्हणाले. "जबड्याचा सांधा बघ काय बसवलाय! सरस नाही, खिळा नाही. आयुष्यभर खुर्च्या केल्या, असा एक जमला नाही."

मग आई म्हणाली, "सोडा आता तिला. घरी नेली तर दोन सासवा होतील, आणि या पोरीला एकच पुरे आहे."

सुनेने पकडीने गळ अलगद काढला. सासूबाई क्षणभर बोटीशेजारी तरंगल्या, मला वरपासून खालपर्यंत पाहिले, आणि निघून गेल्या. पण या वेळचे पाहणे निराळे होते. निदान माझी तरी तशी समजूत आहे.

धक्क्यावर मुलगा पाण्यात उतरायचाच बाकी होता. "काय झालं? कोण पडलं? बाबा ओले का?"

"मासा दिसला!" बाबा म्हणाले, आणि त्याच्या हातातला टॉवेल न घेता त्यालाच मिठी मारली.

त्यानंतर मी पुष्कळ झडपा पाहिल्या. सुनेचा हात आता थांबत नसे. बोटीपाशी आलो की वळसा, वळशावर वळसा, आणि कितीदा तरी निघून गेलेला मासा परत फिरून येई. माझ्या अंगावर एकावर एक खुणा उमटत गेल्या. पुढे बाबांचे हातभर अंतरावरचे दिसणेही गेले. पण त्यांच्यासाठी ती झडप गेली नाही. ते मला मांडीवर घेऊन कारखान्याच्या दारात बसतात आणि खुणांवरून अंगठा फिरवतात. "हा वरचा जबडा. हा खालचा. हा मुकादम." खुर्ची न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला सगळी हकिकत ऐकूनच खुर्ची मिळते. डावा डोळा वर का, असे कोणी विचारलेच तर म्हणतात, "वर बघण्यासारखं काही असतं ना, म्हणून."

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी वस्तू तुमच्या घरात असेल, तर कामानंतर तिच्यावरचे मीठ धुवा, तिला पुसा, गळांना तेल लावा. तिच्याकडून काम झाले नाही तर लगेच तिच्या डोळ्याला दोष देऊ नका. आपला हात कुठे थांबतो तेही पाहा. आणि किनारा हातभर उरला असेल तेव्हा मुळीच थांबू नका. वळा, पण थांबू नका. मी लाकडाचा आहे, मला फार कळते असे नाही. पण एवढे मी अंगावर घेऊन शिकलो आहे.

परवाचीच गोष्ट. बाबा दारात बसले होते, मी त्यांच्या मांडीवर. आई खिडकीजवळ तिच्या खुर्चीत विणत होती. धक्क्याकडून आरडाओरडा ऐकू आला. कुठली तरी अनोळखी बोट होती. कोणाच्या तरी गळामागे मासा लागला होता आणि बोटीवरची सगळी माणसे एका सुरात ओरडत होती, "खुर्चीचा पाय! खुर्चीचा पाय!" ही ओरड कुठून आली, हे त्यांतल्या कोणालाच ठाऊक नसावे. मग पाण्याचा एक मोठा धडाका झाला आणि त्यामागून आनंदाची आरोळी.

बाबांनी मान वर केली. त्यांच्या बोटांची पकड माझ्याभोवती घट्ट झाली.

"ऐकलंत?" आई म्हणाली. "तुमच्या खुर्चीचं नाव बंदरभर झालंय."

"माझी कुठली?" बाबा हसले. "खुर्ची तर तुझीच होती."